छातीवरचा ठिपका, गुलबक्षीचं बी आणि एक टॅटू स्टुडिओ (मोठा रिव्ह्यू आहे, सवडीने वाचा)

आधीच सांगून टाकते, मी टॅटू आवडणाऱ्यांतली नव्हते, चांगली विरोधातली होते. भाची हातावर मासा काढून आली तेव्हा सगळ्यांसमोर तिला म्हटलं होतं की हाताचा फळा करून घेतलास, आता आयुष्यभर मिरव. आणि त्याहून वाईट म्हणजे ऑफिसात एकदा मुलाखती घ्यायला बसले होते, एक मुलगा आला, उत्तरं चांगली देत होता, पण कॉलरच्या वर मानेवर टॅटू दिसत होता आणि मी समोरच्या कागदावर 'गंभीर वाटत नाही' असं लिहिलं. त्याच्या एकाही उत्तरात तसं काही नव्हतं. त्याला घेतलं नाही. हे इथे लिहायला जड जातंय पण हे न सांगता नुसतं स्टुडिओचं कौतुक करणं खोटं होईल.

मग माझ्याच अंगावर तीन टॅटू आले, आणि तेही हॉस्पिटलात.

मला ब्रेस्ट कॅन्सर झाला होता, ऑपरेशन झालं, त्यानंतर रेडिएशन. ते सुरू व्हायच्या आधी प्लॅनिंगचं सीटी स्कॅन करतात, हात डोक्यावर घेऊन झोपवतात, आणि पुढे रोज अगदी त्याच स्थितीत झोपवता यावं म्हणून अंगावर खुणा करतात. पेनाच्या खुणा आंघोळीत जातात म्हणून बऱ्याच ठिकाणी त्वचेवर शाईचा थेंब ठेवून त्यातून सुई टोचतात. म्हणजे टॅटूच झाला तो. मला एक छातीच्या मधोमध हाडावर आणि दोन बाजूंना एकेक असे टोचले. मग तीन आठवडे, आठवड्यातले 5 दिवस, असं 15 वेळा त्या टेबलवर झोपायचं, खोलीतल्या लेझरच्या रेषा ठिपक्यांवर जुळवायच्या, सगळे बाहेर जायचे, दार बंद. (हल्ली काही हॉस्पिटलांत कॅमेऱ्यांनी शरीराचा पृष्ठभाग बघून जुळवणी करतात, तिथे हे ठिपके लागत नाहीत. ज्यांचं रेडिएशन अजून व्हायचंय त्यांनी आधी विचारून घ्या.)

बाजूचे दोन कपड्यात जातात. मधला मात्र जरा मोठ्या गळ्याचा ड्रेस घातला की दिसतो, तिळाएवढाच, पण निळसर. ऑफिसात एकीने 'अगं शाई लागलीय' म्हणून टिश्यू घेऊन पुसायला हातच पुढे केला. तिचा काही दोष नाही, पण मी मागे सरकले आणि त्या दिवसापासून बंद गळ्याचेच कपडे घालायला लागले. आरशात रोज तो ठिपका आधी दिसायचा, चेहरा नंतर.

लेझरने काढता येतो, चौकशीही केली होती. काळी शाई तशी लेझरला लवकर दाद देते, हिरवी-निळी जास्त त्रास देते. पण त्या जागेवर पुन्हा मशीन, पुन्हा किरण हे मनाला पटेना. तेव्हा भाचीच म्हणाली, मावशी, त्याचंच काहीतरी करून घे ना. ज्या मुलीला मी सगळ्यांसमोर बोलले होते तिने हे सुचवलं आणि माझ्याबरोबर स्टुडिओ शोधत पण फिरली.

पहिल्या ठिकाणचं नाव घेत नाही. तिथे रेडिएशन झालंय म्हटल्यावर 'त्याने काही होत नाही, आजच करून टाकू' असं उत्तर आलं. समोर एकाचं काम चालू होतं आणि करणारा ग्लोव्ह्ज घातलेल्या हाताने मोबाइल उचलून बोलला, ठेवला, आणि त्याच हाताने परत सुरू. आम्ही दोघी उठलो. हिपॅटायटिस बी आणि सी रक्तातून पसरतात, इथे सुई त्वचेच्या आत जाते, अशा ठिकाणी चलता है चालत नाही.

आता ज्या स्टुडिओचा हा रिव्ह्यू आहे तो. फोनवरच आर्टिस्टने पहिला प्रश्न विचारला की रेडिएशन संपून किती दिवस झाले आणि डॉक्टरांचं पत्र आहे का. पत्राशिवाय हात लावणार नाही म्हणाला. माझ्या डॉक्टरांनी रेडिएशननंतर किमान वर्षभर थांबायला सांगितलं होतं, कारण भाजून निघालेली त्वचा वरून बरी दिसली तरी उशिरा भरते, आणि ज्या बाजूच्या काखेतल्या गाठी काढल्यात त्या हातावर तर अजिबात करू नका म्हणाले, हाताला सूज येण्याचा धोका असतो. ते सगळं मी सांगितलं तर तो म्हणाला, 'बरोबर सांगितलंय डॉक्टरांनी काकू, वर्ष होऊ दे, मग या.' हातात आलेलं काम त्याने वर्षभर लांबवलं. तिथेच माझा निम्मा निर्णय झाला.

वर्षाने गेले. त्याला बघून मात्र पोटात गोळा आला हे कबूल करते. दोन्ही हात बोटांपर्यंत भरलेले, मानेवरही आहे. तोच मुलाखतीतला मुलगा समोर बसलाय असं क्षणभर वाटलं. हा मुलगा जवळपास अर्धा तास नुसता बोलत बसला, मशीनला हात न लावता. कुठली औषधं चालू आहेत, रक्त पातळ करायची गोळी आहे का, कशाची अ‍ॅलर्जी, जखम झाली तर व्रण उचलून येतो का. मग फॉर्म भरून घेतला. आणि मग ठिपका बघून विचारलं, 'काकू, हा झाकायचाय की ठेवायचाय?'

ठेवायचा असा पर्यायच माझ्या डोक्यात नव्हता. मी मोबाइलमध्ये फुलांचे फोटो घेऊन गेले होते, ठिपक्यावर एक मोठं फूल बसवायचं एवढाच विचार. त्या फोटोंत गुलबक्षीचा एक होता, फूल गळून गेल्यावरचा. ज्यांनी पाहिलंय त्यांना माहीत असेल, गुलबक्षीचं फूल गेलं की खालच्या हिरव्या वाटीत एक काळं गोल बी उघडं बसलेलं असतं, मिऱ्यासारखं. लहानपणी आम्ही ती गोळा करायचो. त्याने तो फोटो मोठा केला, ठिपक्याकडे बघितलं, परत फोटोकडे, आणि म्हणाला, हे बी तर तुमच्याकडे आधीच आहे, मी फक्त भोवतीची वाटी आणि दोन पानं काढतो.

मी तिथेच रडले. त्याने टिश्यूचा डबा सरकवला आणि स्टेन्सिल करायला घेतली, उगाच काही बोलला नाही. फार बरं वाटलं मला ते.

स्वच्छतेबद्दल सविस्तर लिहिते कारण मला स्वतःला हीच माहिती हवी होती. सुईचं कार्ट्रिज सीलबंद पाकिटातून माझ्यासमोर फोडलं आणि तारीख दाखवली. शाई बाटलीतून थेट नाही, छोट्या टोपणात थेंबभर काढून घेतली आणि उरलेली नंतर टाकून दिली. मशीनला, वायरीला, दिव्याच्या हँडलला सगळीकडे प्लॅस्टिक गुंडाळलेलं. मध्ये एकदा त्याला नाक खाजवायचं होतं तर ग्लोव्ह्ज काढले, हात धुतले, नवीन घातले. शाईच्या बाटलीवर काय काय आहे तेही वाचायला दिलं. युरोपियन युनियनने जानेवारी 2022 पासून टॅटूच्या शाईतल्या हजारो रसायनांवर मर्यादा घातल्यात, त्या नियमात बसणारीच शाई तो वापरतो म्हणाला.

दुखतं का? हाडावर दुखतं. तिथे मांस नाही, सुई थेट हाडात वाजतेय असं वाटतं आणि थरथर पार खांद्यापर्यंत जाते. पण चाळीस मिनिटांत रेषा झाल्या. सुई जेमतेम दीड-दोन मिलिमीटर आत जाते, वरच्या थराखालच्या थरात. शाई तिथे कायमची कशी राहते हे मला माहीत नव्हतं, तो काम करता करता सांगत होता. शरीराला ती शाई परकी वाटते, संरक्षण करणाऱ्या पेशी धावून येऊन ती गिळतात, पण कण मोठे असल्याने पचवता येत नाहीत, मग त्या पेशी ते कण पोटात धरूनच बसतात. त्या मेल्या की नव्या येऊन तेच कण परत गिळतात. म्हणजे टॅटू दिसतो तो शरीराने धरून ठेवलेला असतो. माझ्या मनात हे घर करून बसलंय.

त्यानेच 1991 मध्ये आल्प्सच्या बर्फात सापडलेल्या त्या माणसाचं सांगितलं, ओट्झी नाव दिलंय त्याला, पाच हजार वर्षांहून जुना. घरी येऊन मी वाचलं. त्याच्या अंगावर 61 टॅटू आहेत, नुसत्या रेषा आणि फुल्या, आणि त्यातले बरेचसे कंबर, गुडघे, घोटे अशा झिजलेल्या, दुखऱ्या जागी, म्हणून तो उपचाराचा प्रकार असावा असं संशोधकांना वाटतं. मी रात्री अंथरुणात पडून बराच वेळ विचार करत होते की कुणीतरी त्याच्या दुखऱ्या कमरेवर हात ठेवून त्या रेषा केल्या असतील. हॉस्पिटलातल्या माझ्या ठिपक्याशी माझं भांडण त्या रात्री जरा मिटलं.

आर्टिस्टच्या स्वतःच्या टॅटूंबद्दल मी शेवटी धीर करून विचारलं. मला वाटलं प्रत्येकामागे काहीतरी घडलेलं असणार, कुणी गेलं असेल, कुठला आजार असेल. त्याने शॉर्ट्सच्या खाली मांडीवरच्या वेड्यावाकड्या रेषा दाखवल्या. शिकत असताना दुसऱ्याच्या अंगावर सुई चालवायच्या आधी स्वतःवर केलेल्या. आणि हातावरचं बाकी? 'आवडलं म्हणून काकू.'

हे ऐकून मी विचारात पडले. कारण माझा टॅटू आता सगळ्यांना पटतो. कॅन्सर होता म्हटलं की समोरचा माणूस एकदम मऊ होतो, छान केलंस म्हणतो, डोळे पुसतो. म्हणजे दुःखाची पावती दाखवली की टॅटू चालतो, आणि नुसता आवडला म्हणून काढला तर तो माणूस उथळ. मी स्वतः नेमका हाच हिशोब करत होते, फक्त आता मी त्या हिशोबाच्या फायद्याच्या बाजूला उभी होते एवढाच फरक. भाचीच्या माशामागे काहीही नाही. तिला तो मासा आवडला होता. तिची त्वचा आहे, तिला मासा आवडला, यात माझ्या परवानगीची जागा कुठे होती? आणि तो मुलाखतीतला मुलगा, त्याच्या मानेवर काय होतं ते मला आज आठवतसुद्धा नाही, पक्षी होता की अक्षरं होती. ते न बघताच त्याच्याबद्दल मी कागदावर लिहिलं होतं. तो आता कुठे असेल माहीत नाही. मुलाखती मी अजून घेते, पण आता उत्तरं ऐकताना फक्त उत्तरंच लिहिते.

विचार करूनच करावा हे माझं मत अजून आहे. जोडीदाराचं नाव, घाईत ठरवलेलं, पार्टीनंतर मित्रांच्या नादाने, याला माझा विरोध आहेच आणि या आर्टिस्टचाही आहे, प्यायलेल्या माणसाला तो परत पाठवतो. माझ्यासमोर एक मुलगा फार बारीक अक्षरांचा लांब मजकूर घेऊन आला होता, त्यालाही सरळ सांगितलं की शाई वर्षांनुवर्षं थोडी थोडी पसरते, दहा वर्षांनी हे वाचता येणार नाही, मोठं कर नाहीतर कमी शब्दांत कर. माझ्या पानांच्या शिरा पण त्याने याच कारणासाठी कमी केल्या.

आता तक्रारी. छातीवरचं काम असेल तर बंद खोली हवीच, इथे फक्त पडदा आहे आणि तो एका बाजूने पूर्ण लागत नाही. भाची फटीपाशी उभी राहिली म्हणून निभावलं. त्याने स्वतःहून विचारलं होतं की स्टुडिओतली मुलगी बरोबर थांबलेली चालेल का, ते चांगलंच, पण पडदा तो पडदाच. गाणी फार मोठ्याने लावतात, दोनदा सांगावं लागलं. मेसेजला उत्तर दोन-दोन दिवस येत नाही, फोनच करावा. आणि काम केवढंही लहान असलं तरी ठरलेली किमान रक्कम घेतातच. ते मला चुकीचं वाटत नाही, कारण एवढ्याशा पानासाठीही नवं कार्ट्रिज आणि सगळी तयारी तेवढीच लागते, फक्त आधी माहीत असलेलं बरं.

नंतरची काळजी लिहून दिली होती आणि मी तंतोतंत पाळली. पारदर्शक फिल्म काही दिवस, मग साध्या साबणाने हलक्या हाताने धुणं, टिपून कोरडं करणं, मॉइश्चरायझरचा अगदी पातळ हात, पोहणं बंद, ऊन बंद. आठवड्याभरात पापुद्रे निघायला लागतात आणि भयंकर खाज येते, ओढायचे नाहीत. साधारण दोन-तीन आठवड्यांत वरचं भरतं म्हणतात, माझं पाच आठवडे चाललं, रेडिएशनमुळे असं होऊ शकतं हे त्याने आधीच बजावलं होतं. मध्ये दोनदा फोटो मागवून बघितला. आणि हो, रक्तदान करणाऱ्यांनी लक्षात ठेवा, टॅटूनंतर काही महिने रक्त घेत नाहीत, रक्तपेढीत नक्की मुदत विचारून घ्या.

घरी आल्यावर फिल्मखालून भाचीला दाखवलं तेव्हा तिचा पहिला प्रश्न होता, 'दुखलं का गं मावशी?' तिच्या माशाच्या वेळी मी हा प्रश्न विचारलाच नव्हता. आता विचारला. मनगटाजवळ शेपटी काढताना खूप दुखलं होतं म्हणाली, रात्रभर हात उशीवर ठेवून झोपली होती, आणि घरात कुणाला सांगायची सोय नव्हती.

एका पानाच्या टोकाला शाई थोडी फिकट राहिलीये, तिथला टच-अप फुकट करून देणार आहेत. डॉक्टरांनी त्या जागेला अजून तीन महिने तरी द्या म्हटलंय, म्हणून थांबलेय. पाचपैकी साडेचार देते. अर्धा त्या पडद्यासाठी कापलाय, टच-अपला जाईन तेव्हा तो नीट लावलेला दिसला तर इथे येऊन बदलेन.