राणीच्या बागेला बेसमेंट पार्किंग, बाहेरचं पार्किंग की स्टेशनचा रस्ता? हरकती-सूचना लिहायच्या आधी वाचा

आमच्या बिल्डिंगमधल्या एका काकांनी विचारलं, उद्या राणीच्या बागेच्या (भायखळ्याचं प्राणिसंग्रहालय) पुढच्या कामात पार्किंगचा प्रस्ताव आला आणि ई वॉर्डने, म्हणजे महापालिकेच्या इथल्या विभाग कार्यालयाने, हरकती-सूचना मागवल्या तर सोसायटीने हो म्हणायचं का नको. मला त्यांना तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही. मग दोन-तीन रविवार स्वतः गेटवर जाऊन उभा राहिलो, जरा वाचलं, आणि आता जे वाटतंय ते लिहितोय. भायखळ्यात राहणाऱ्याला आणि कल्याणहून पोरं घेऊन येणाऱ्याला, दोघांनाही उपयोग व्हावा.

आधी गर्दी कशी वाढली ते बघू. बाग 1862 ची, म्हणजे बोरीबंदर-ठाणे रेल्वे सुरू झाली त्यानंतर नऊच वर्षांनी, त्यामुळे ही बाग पहिल्यापासून ट्रेनच्या जवळची आहे हे डोक्यात ठेवा. मार्च 2017 मध्ये पेंग्विन लोकांना बघायला मिळाले, त्याच वर्षी तिकीट 5 रुपयांवरून 50 झालं आणि सगळे म्हणाले आता कोण येणार, पण लोक आलेच. 2020 मध्ये औरंगाबादच्या सिद्धार्थ उद्यानातनं वाघाची जोडी आली, पिंजरे जाऊन काचेचे मोठे कक्ष झाले, आणि 1 जानेवारी 2023 ला, रविवार होता, एका दिवसात 30 हजारांच्या वर माणसं आली. एवढा आकडा ऐकला की पहिला शब्द तोंडात येतो तो पार्किंग. तिथेच थांबायला हवं, कारण 30 हजार माणसं म्हणजे किती गाड्या हे कोणी विचारतच नाही.

म्हणून एक हिशोब मांडतो. यातले टक्के मी धरलेत, मोजलेले नाहीत, तुम्ही बदलून बघा. समजा त्या दिवशी शंभरातले दहा जण चारचाकीने आले आणि एका गाडीत चार जण, तर झाल्या 750 गाड्या. एक कुटुंब साधारण तीन तास थांबतं, पेंग्विनची लाईन लांब असली तर अजून जास्त, आणि दुपारी जुने निघालेले नसतात तोवर नवे येतात, म्हणजे ऐन गर्दीत निम्म्या गाड्या एकाच वेळी उभ्या आहेत असं धरू, 375. बेसमेंटमध्ये एका गाडीला रॅम्प आणि फिरायची जागा धरून 32 चौरस मीटर हा प्लॅनिंगवाल्यांचा नेहमीचा नॉर्म आहे. गुणा, 12 हजार चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ तीन एकर. पन्नासेक एकराच्या बागेत तीन एकर खणायचे, ते 30 हजारातल्या 3 हजारांसाठी, आणि तेही वर्षातल्या मोजक्या रविवारांसाठी. बुधवारी तर बाग बंदच असते.

आता पर्याय एकेक घेऊ.

बेसमेंट पार्किंगचं आकर्षण मला कळतं. वर बाग दिसते, खाली गाड्या, रस्ता मोकळा, चित्र फार छान येतं. पण ही बाग आधी वनस्पती उद्यान आहे, प्राणी नंतर आले. इथे उर्वशीचं झाड आहे, कैलासपती आहे, तीन हजारांच्या आसपास झाडं आहेत आणि त्यातली कितीतरी शंभरी ओलांडलेली. मोठ्या झाडाची मुळं खोल जातात असा आपला समज असतो, खरं म्हणजे बहुतेक मुळं वरच्या मीटर-दीड मीटरातच असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेर पसरतात, त्यामुळे झाडाला हात न लावता वीस फुटांवर खड्डा खणला तरी मुळं तुटतात आणि झाड चार-पाच वर्षांनी वाळतं, तेव्हा कंत्राटदार कधीच निघून गेलेला असतो. स्लॅबवर माती टाकून लॉन होतं, झुडपं होतात, वर्षावृक्ष होत नाही. त्यात भायखळ्यात पावसाळ्यात पाणी तुंबतं, म्हणजे पंप आले, जनरेटर आला, दरवर्षीचा खर्च आला. बांद्र्याच्या पटवर्धन उद्यानाखाली पार्किंग करायचा विषय निघाला तेव्हाही झाडं आणि मोकळी जमीन यावरूनच लोक हायकोर्टात गेले. आणि आपल्या बागेचा आधीचा भव्य आराखडाही, 2007 नंतरचा, नागरिकांनी चिकाटीने लढून अडवला होता, ते लोक नसते तर आज ही सावली कुठे असती?

बेसमेंटची दुसरी अडचण तोंडाशी असते आणि नकाशात ती दिसतच नाही. बूम बॅरियरवर एका गाडीला पावती घ्यायला 20 सेकंद लागले तर तासाला एका लेनमधून 180 गाड्या आत जातात. रविवारी 11 ते 12 मध्ये 250 आल्या तर 70 बाहेर राहिल्या, एकीला सहा मीटर धरले तर 420 मीटर रांग, आणि ती रांग डॉ. आंबेडकर रोडवर लागणार, जिथून दादर-परळची सगळी बेस्ट जाते. खाली कितीही जागा असू दे. म्हणून प्रस्तावात पार्किंगची संख्या वाचू नका, आत जायच्या लेन किती आणि रांग थांबायला स्वतःची जागा किती ते वाचा.

दुसरा पर्याय, बागेबाहेरचं सार्वजनिक पार्किंग. मुंबईत टॉवरवाल्यांना जादा एफएसआय, म्हणजे जास्त बांधकामाची परवानगी, देऊन बांधून घेतलेली बरीच पार्किंग आहेत आणि त्यातली कितीतरी रिकामी पडलेली असतात, बाहेर रस्त्यावर मात्र डबल पार्किंग. जुलै 2019 मध्ये महापालिकेने अशा पार्किंगपासून 500 मीटरच्या आत बेकायदा गाडी लावली तर चारचाकीला 10 हजारांचा दंड लावायला सुरुवात केली होती, आठवत असेल, तेव्हा केवढी बोंब झाली. जागा आहे पण लोक जात नाहीत, कारण माहीत नसतं, लांब वाटतं, आणि रस्त्यावर फुकट मिळतं. राणीच्या बागेचं तिकीट ऑनलाइन मिळतंच, त्याच तिकिटाबरोबर जवळच्या पार्किंगमधला स्लॉट बुक करता आला तर नाशिकहून येणाऱ्याला घरून निघतानाच कळेल की आज जागा नाही, कल्याणला गाडी लावून लोकल पकडावी. यात खणाखणी नाही, आणि जमलं नाही तर पुढच्या वर्षी बंद करता येतं. बेसमेंट परत बुजवता येत नाही. माझ्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे.

रस्त्यावरचं पे अँड पार्क हा तिसरा. त्यात फार लिहिण्यासारखं नाही. आंबेडकर रोडवर जागा नाही, मागे संत सावता मार्गाला हॉस्पिटल आहे, तिथे अँब्युलन्सला वाट पाहिजे, आणि घोडपदेवच्या बाजूच्या गल्ल्यांत रहिवाशांनाच रविवारी संध्याकाळी जागा मिळत नाही. आमच्या मजल्यावरचे एकजण रविवारी गाडी हलवतच नाहीत, हलवली की गेली जागा. रहिवाशांसाठी राखीव पट्टे आणि बाकी ठिकाणी तासाप्रमाणे चढता दर, एवढंच केलं तरी पुष्कळ.

चौथा पर्याय म्हणजे गाड्यांची जागा न वाढवता स्टेशनपासूनचा रस्ता नीट करणं, आणि मला यावरच जास्त बोलायचंय.

भायखळा स्टेशन बागेपासून चालत दहा-बारा मिनिटं. फास्ट लोकलही थांबतात. स्टेशनची जुनी इमारत इतकी सुंदर दुरुस्त केली की 2022 मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. पण स्टेशनच्या बाहेर आल्यावर काय? रिक्षा नाही, सायन-माहीमच्या इकडे रिक्षा चालतच नाही, आणि उपनगरातनं आलेल्या कितीतरी जणांना हे बाहेर आल्यावरच कळतं. कालीपिवळी एवढ्या जवळ यायला नाखूश. बोर्ड शोधावा लागतो. फुटपाथ मध्येच संपतो, पुढे मोटारसायकली लावलेल्या, मग माणसं रस्त्यावर उतरतात.

गेल्या महिन्यात गेटजवळ एका मावशींशी बोललो, अंबरनाथहून आल्या होत्या, सून, तीन पोरं, एक कडेवर. म्हटलं मावशी कशा आलात. म्हणाल्या, "लोकलने, पण ट्रेनपेक्षा हा रस्ता ओलांडायलाच जास्त भीती वाटली रे बाबा, पोरगं हात सोडून पळत होतं." डब्याची पिशवी एका खांद्याला, दुसऱ्या हातात पोराची कॉलर. अर्ध्यात डिव्हायडरवर थांबावं लागलं होतं, सिग्नल तेवढ्यात सुटला. त्यांच्या मागून अशीच अजून माणसं येत होती, मी उभा होतो तोवर थांबलीच नाहीत. पार्किंगच्या सर्व्हेत या मावशी कुठल्याच रकान्यात बसत नाहीत, कारण त्यांनी गाडी लावलीच नाही. येणाऱ्यांचा प्रवास मोजायचा असेल तर सुरुवात त्यांच्यापासून व्हायला हवी.

इथे रुंद फुटपाथ, सलग कठडा, आंबेडकर रोडवर कुटुंबाला एका दमात ओलांडता येईल एवढा लांब सिग्नल, स्टेशनबाहेर पेंग्विनचं चित्र असलेला ठळक बोर्ड आणि गर्दीच्या दिवशी स्टेशन ते बाग बेस्टची मिनीबस, याला बेसमेंटच्या मानाने किती पैसे लागतील? मला अंदाजे आकडा द्यायचा नाही, पण खणण्याच्या खर्चाशी त्याची बरोबरीच नाही. फायदा मात्र बहुसंख्यांना.

गाडीवाल्यांची बाजूही खरी आहे, ती टाळून लिहिणं बरोबर नाही. माझी आजी व्हीलचेअरवर असताना आम्ही तिला बागेत नेलं होतं, गाडीशिवाय शक्यच नव्हतं, आणि गेटजवळ उतरवायला दोन मिनिटं थांबलो तर मागून हॉर्न. म्हणून अपंग आणि म्हाताऱ्यांसाठी गेटजवळ राखीव जागा आणि चढ-उतार करायची स्वतंत्र लेन कुठल्याही पर्यायात असायलाच हवी. तसंच दुचाकीवाले, बायको मागे, पोरगं पुढे. एका गाडीच्या जागेत सहा-सात दुचाकी बसतात आणि तरी आराखड्यात त्यांना कोपरा मिळतो. आणि शाळांच्या बसेस. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सहलींचा सीझन, एक बस 45 पोरं आणते म्हणजे दहा-अकरा गाड्यांचं काम करते, तिला उतरवायला बागेच्या कडेला खाच हवी, दिवसभर उभं राहायला जागा लांब असली तरी चालते.

म्हणजे ठरवायचं कसं? तुम्ही झाडांसाठी आणि ट्रेनने येणाऱ्यांसाठी विचार करत असाल तर चौथा पर्याय आधी, त्याला दुसऱ्याची जोड. तुमची मुख्य तक्रार गल्लीत जागा मिळत नाही ही असेल तर बेसमेंटने ती सुटेल असं धरू नका, नवीन पार्किंग झालं की आज ट्रेनने येणारे काहीजण गाडी काढतात आणि दोन वर्षांत गल्ली परत तशीच, तुम्हाला रहिवासी पट्टे मागायला हवेत. आणि जमिनीखालचं पार्किंग हवंच असं महापालिकेने ठरवलं, तर लगतच्या मफतलाल मिलच्या जागेत जिथे जुनी झाडं नाहीत तिथे ते होऊ शकतं का हे आधी विचारा, बागेच्या मूळ भागात अजिबात नको. हे माझं स्पष्ट मत आहे.

प्रस्तावामागचा पार्किंगचा सर्व्हे बघायला मिळाला तर तारीख आधी बघा. जूनमधल्या मंगळवारी मोजलं तर सगळं रिकामंच दिसणार. गणपतीत मोजलं तर लालबाग-चिंचपोकळीची गर्दी बागेच्या नावावर जाणार. दिवाळीच्या सुट्टीतला रविवार, नाताळातला एखादा दिवस आणि एक साधा शनिवार, तिन्ही हवेत. गल्ल्यांत दर अर्ध्या तासाने फिरून नंबरप्लेटचे शेवटचे चार आकडे लिहितात, त्यावरनं कोण रहिवासी, कोण तीन तासांचा पाहुणा आणि कोण बागेला लागूनच असलेल्या भाऊ दाजी लाड संग्रहालयासाठी आलाय याचा बराच अंदाज येतो, ही पद्धत जुनी आणि भरवशाची. 85 टक्क्यांवर जागा भरली की लोक चकरा मारायला लागतात, त्यामुळे शंभर टक्के भरायची वाट बघायची नसते. आणि प्रश्न आत जाताना विचारायचे नाहीत, पोरं ओढत असतात, कोणी उत्तर देत नाही. बाहेर पडताना, सावलीत, पाणी पिताना विचारायचे: कुठून आलात, किती जण, कसे आलात, आणि पार्किंग नसतं तर कसे आला असतात. हा शेवटचा प्रश्न फॉर्मवर नसेल तर सूचनांमध्ये पहिली ओळ तीच लिहा, आणि मोजणीचे मूळ कागद तारखेसकट जोडायला सांगा.