स्पिंडल झिजलाय म्हणून पेट्रोल गळतंय, असं कोणी सांगितलं तर

माझी एमजीबी, म्हणजे जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, १९६७ची. इंजिन १७९८ सीसीचं, त्यावर एसयू कंपनीच्या एचएस४ कार्बुरेटरची (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग) जोडी. मागच्या कार्बुरेटरच्या ओव्हरफ्लो नळीतून पेट्रोल ठिबकायला लागलं. या गाडीत कार्बुरेटरच्या खालीच एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनाचा धूर बाहेर नेणारा, तापणारा भाग) असतो, मधे फक्त पत्र्याची हीट शील्ड. त्यामुळे गळती दिसली की माणूस हादरतो, आणि गिऱ्हाईक हादरलेलं आहे हे काही गॅरेजवाले बरोबर ओळखतात.

इंग्लंडच्या मिडलंड्स भागातल्या एका ‘क्लासिक स्पेशालिस्ट’कडे गाडी नेली. त्याने थ्रॉटलचा स्पिंडल (कार्बुरेटरमधली हवेची झडप फिरवणारा दांडा) बोटांत धरून खटखट हलवून दाखवला. केवढा प्ले (ढिलेपणा) आहे बघा, कार्बुरेटरची बॉडीच गेलीय, आता नवी अस्सल एसयू जोडीच टाकावी लागेल, म्हणाला. प्ले होताच, तो मला डोळ्यांनी दिसत होता. जुनी जोडी एक्सचेंजमध्ये त्याच्याकडे, वर ९०० पौंड. पैसे बँक ट्रान्सफरनेच हवेत, कार्डाची मशीन बंद आहे म्हणे. बिलावर एवढंच: ‘कार्बुरेटर जोडी, एक्सचेंज’.

थोड्याच दिवसांत पुन्हा ठिबक, त्याच नळीतून.

लेस्टरमधले आमच्या ओळखीचे एक काका आयुष्यभर याच गाड्यांवर काम करून निवृत्त झालेत. त्यांनी आधी स्पिंडलची गोष्ट ऐकली आणि कपाळावर हात मारला. “अरे, स्पिंडल झिजला तर हवा आत जाते. आयडलिंग बिघडतं, मिश्रण पातळ होतं, पेट्रोल कमी पडतं. पेट्रोल बाहेर कशाला येईल?” मग इंजिन सुरू न करता नुसतं इग्निशन ऑन करायला लावलं. मागच्या एसयू पंपाची टकटक दोन्ही फ्लोट चेंबर (कार्बुरेटरला लागून असलेल्या पेट्रोलच्या छोट्या टाक्या) भरले की थांबायला हवी. ती थांबेचना आणि नळीतून पेट्रोल चालूच. म्हणजे चेंबर भरल्यावर पेट्रोल बंद करणारी फ्लोटची नीडल तिच्या सीटवर (बसायच्या जागेवर) नीट बसत नव्हती. झाकणाचे तीन स्क्रू काढले तर सीटवर काळे रबराचे बारीक तुकडे! इंग्लंडात सप्टेंबर २०२१ पासून साधं पेट्रोल १० टक्क्यांपर्यंत इथेनॉलचं असतं, आणि पेट्रोल आणणाऱ्या जुन्या प्रकारच्या रबरी होजची आतली कातडी ते सोलून काढतं. कार्बुरेटर कितीही बदला, होज तोच असेल तर तुकडे येतच राहणार. होज, फिल्टर, नीडल आणि सीट बदलल्यावर गळती बंद झाली. खर्च त्या ९०० पौंडांच्या पासंगालाही पुरला नाही. (भारतात आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिळतंय. पुण्या-मुंबईत जुन्या गाड्या सांभाळणाऱ्यांनी आधी होजकडे बघावं.)

‘नवी’ जोडीही नवी नव्हतीच. वरून मण्यांचा मारा करून चकचकीत केलेली, आत स्पिंडल माझ्या जुन्याइतकाच ढिला. एसयूच्या फ्लोट चेंबरच्या झाकणावर एका स्क्रूखाली अ‍ॅल्युमिनियमची छोटी पट्टी असते, तिच्यावर ‘एयूडी’ने सुरू होणारा क्रमांक. कार्बुरेटर कोणत्या गाडीचा, हे त्यावरून कळतं. या जोडीवर पट्टीच नव्हती. माझ्या मूळ जोडीवर होती. तीच जोडी आता पॉलिश करून पुढच्या कोणाला तरी ‘नवी’ म्हणून गेली असणार, असा काकांचा अंदाज आणि माझाही.

तुमच्याकडे गळत असेल तर कुठून गळतंय ते आधी बघा. ओव्हरफ्लोतून येत असेल तर नीडल, फ्लोट, नाहीतर पंपाचा दाब. खाली जेटपाशी (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक तोंडापाशी) ओलं असेल तर चेंबरमधून येणाऱ्या नायलॉन नळीचं रबरी ग्लँड (सील). झाकणाच्या कडेने येत असेल तर गास्केट. यातल्या एकालाही नवी बॉडी लागत नाही. कोणी ‘एक्सचेंज’ म्हणालं तर जुने भाग स्वतःकडे ठेवून घ्या आणि झाकणावरच्या पट्टीचा फोटो आधीच काढा.

आणि पैसे क्रेडिट कार्डानेच द्या. १०० पौंडांवरच्या खरेदीला १९७४च्या कन्झ्युमर क्रेडिट अ‍ॅक्टच्या कलम ७५ने कार्ड कंपनीही जबाबदार असते. बँक ट्रान्सफरला ते कवच नाही, म्हणूनच ती मशीन बंद होती. मी मोफत सल्ला देणाऱ्या सिटिझन्स अ‍ॅडव्हाइसमार्फत ट्रेडिंग स्टँडर्ड्सकडे (ग्राहकांच्या फसवणुकीकडे बघणारं तिथलं सरकारी खातं) तक्रार केली आहे. त्यानंतर गॅरेजवाल्याचा फोन आला: निम्मे पैसे परत देतो, पण कुठे काही लिहायचं नाही. मी नाही म्हटलं.