सिंगल फेजवर थ्री-फेज लेथ: मोटर बदलायची, कंडेन्सर लावायचा की ड्राइव्ह?

शेडमध्ये सिंगल फेज मीटर आहे आणि हाती आलेल्या लेथवर २ एचपीची थ्री-फेज मोटर आहे, एवढं गृहीत धरून लिहितो. महावितरणचं थ्री-फेज कनेक्शन झेपेल इतक्या खर्चात मिळत असेल, तर स्थिर आकार जास्त पडला तरी तेच घ्या. पोल लांब असेल किंवा शेड भाड्याची असेल, तर चार वाटा उरतात.

पहिली वाट म्हणजे मोटरच बदलणं. बहुतेक जण तीच धरतात. ड्रिल मशीन, ग्राइंडर, हॅक्सॉ यांना सिंगल फेज मोटर चालते, काही अडत नाही. लेथला मात्र माझ्या मते नको, आणि त्याचं कारण एकच आहे: आटे पाडणं.

पंजाबातल्या बटाल्याच्या लेथचा लीड स्क्रू (आटे पाडताना टूल पुढे सरकवणारा लांब स्क्रू) बहुधा इंचाला ४ आट्यांचा असतो. त्यावर २ मिमी पिचचे (दोन आट्यांमधलं अंतर २ मिमी) आटे पाडायचे तर काम संपेपर्यंत हाफ नट, म्हणजे टूल वाहणाऱ्या कॅरेजला लीड स्क्रूत अडकवणारा नट, उघडायचा नसतो. मध्येच उघडला की पुढच्या कटला टूल जुन्या खाचेत येईलच असं नाही. म्हणजे कट संपला की टूल मागे घ्यायचं आणि मशीन उलटं फिरवून कॅरेज सुरुवातीला आणायचं. एका बोल्टला १२-१५ कट धरले, तर मशीन तितक्याच वेळा उलटसुलट.

इथे सिंगल फेज मोटर हटून बसते. वेग साधारण पाऊणपट झाला की तिचा सेंट्रिफ्युगल स्विच स्टार्टिंग वायंडिंग तोडतो, आणि दिशा ठरते ती त्याच वायंडिंगवर. चक (जॉब पकडून फिरवणारा भाग) फिरत असताना स्विच उलटा टाकला तरी मोटर आहे त्याच दिशेने पुन्हा जोर धरते आणि टूल जॉबच्या खांद्यावर जाऊन आदळतं. ते टाळायचं तर दर कटला चक पूर्ण थांबेपर्यंत हात बांधून उभं राहायचं. शिवाय इतक्या वेळा सुरू-बंद केल्याने त्या स्विचचे पॉइंट जळतात ते वेगळंच.

दुसरी वाट कंडेन्सरची, सगळ्यात स्वस्त. मोटर डेल्टात (तिन्ही वायंडिंग त्रिकोणात) जोडायची, दोन टोकांना फेज आणि न्यूट्रल, तिसऱ्या टोकाला रनिंग कंडेन्सरमधून फेज. हिशोब किलोवॅटला ७० मायक्रोफॅरॅड, म्हणजे २ एचपीला साधारण १०० मायक्रोफॅरॅड, ४४० व्होल्ट एसीचा. सुरू होताना त्याच्या दुप्पट-तिप्पट लागतो आणि मोटरने वेग घेतला की जादाचा काढावाच लागतो. ताकद दोन-तृतीयांशाच्या आसपास मिळते. खरी अडचण अशी की तिन्ही वायंडिंगचा तोल एकाच लोडला जमतो. पंपाचा लोड ठरलेला, म्हणून तिथे ठीक. लेथ अर्धा वेळ रिकामा फिरतो, आणि नेमका तेव्हाच एका वायंडिंगमधून जास्त करंट जाऊन मोटर तापते.

तिसरी वाट रोटरी कन्व्हर्टर. ३ एचपीची दुसरी थ्री-फेज मोटर रिकामी फिरवत ठेवून तिच्यातून तिसरा फेज काढायचा. चार-पाच मशीन असतील तर विचार करण्यासारखं आहे. एका लेथसाठी दिवसभर तो घुंघुं आवाज आणि फुकटचं वीजबिल मला पटत नाही.

चौथी वाट ड्राइव्ह, म्हणजे व्हीएफडी: सिंगल फेजवरून थ्री-फेज बनवणारा आणि फ्रिक्वेन्सी बदलून मोटरचा वेग सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक डबा. सिंगल फेज २३० इनपुट, थ्री-फेज २३० आउटपुट, १.५ किलोवॅट. नेमप्लेटवर ‘४१५ व्होल्ट, स्टार’ (तिन्ही वायंडिंगचं एकेक टोक एकत्र सांधलेलं) असेल तर काम सोपं. स्टारमध्ये प्रत्येक वायंडिंगला २४० व्होल्टच मिळत असतात, म्हणून डेल्टा केली की तीच मोटर २३० वर जवळपास पूर्ण ताकदीने चालते. करंट साडेतीनच्या जागी सहा अँपिअर होतो. टर्मिनल बॉक्समध्ये सहा टोकं असतील तर आडव्या पट्ट्या काढून तीन उभ्या लावा. तीनच टोकं असतील तर स्टारचा सांधा आत दोऱ्याखाली दडलेला असतो. तो सोडवून सहा टोकं बाहेर काढायचं काम रिवाइंडिंगवाल्याकडे द्या.

जुना फॉरवर्ड-रिव्हर्स स्विच पॉवर लाइनमधून काढून त्याचे पॉइंट ड्राइव्हच्या फॉरवर्ड, रिव्हर्स आणि कॉमन टर्मिनलला जोडा. ड्राइव्ह आणि मोटर यांच्यामध्ये स्विच ठेवून तो चालू लोडवर उघडला, तर ड्राइव्ह जाऊ शकतो. ड्राइव्हमधली सेटिंग अशी: बेस फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झ, मोटर करंट नेमप्लेटवरून काढलेला, वेग घ्यायला ३ सेकंद, थांबायला अडीच. आता स्विच उलटा टाकला की चक स्वतःच मंदावतो, थांबतो आणि मागे फिरतो. थांबायचा वेळ फार कमी केला तर जड चकमुळे ओव्हरव्होल्टेज ट्रिप येतो. त्यावर ब्रेकिंग रेझिस्टर (थांबताना परत येणारी ऊर्जा उष्णतेत जिरवणारा) हा उपाय आहे. पण चक स्पिंडलवर आट्यांनी बसणारा असेल तर रेझिस्टर लावूनही दोन सेकंदांखाली जाऊ नका, झटक्याने चक सैल होऊन निघू शकतो.

ड्राइव्हचीही दुखणी आहेत. एका मशीनला एक ड्राइव्ह लागतो. २० हर्ट्झच्या खाली मोटरचा पंखा मंद होतो आणि मोटर तापते, म्हणून कमी वेगाला पुली आणि बॅक गिअरच वापरा. बिडाची पूड आत गेली की शॉर्ट ठरलेलाच, तेव्हा जाळी-फिल्टरच्या पेटीत, चकपासून लांब बसवा. काही ड्राइव्हच्या फिल्टरमुळे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) विनाकारण पडतो. म्हणून आरसीसीबी काढून टाकू नका, ड्राइव्हला चालणाऱ्या प्रकारचा घ्या आणि अर्थिंग नीट करा. झाकण उघडण्याआधी मेन बंद करून दहा मिनिटं थांबा, आतले कंडेन्सर तोवर भरलेले असतात.

मोटर ३ एचपी किंवा मोठी असेल तर ती बहुधा ४१५ वरच डेल्टात असते. २३० च्या ड्राइव्हवर तिचा टॉर्क एक-तृतीयांशावर येतो. अशी मोटर २३० साठी रिवाइंड करून घ्या, नाहीतर लेथला पुरत असेल तर २ एचपीची स्टार मोटर बसवा.