राज्यशास्त्र की कायदा : लोकसेवेत जाऊ पाहणाऱ्यांसाठी तुलनात्मक आढावा

बारावीचा निकाल लागला की अनेक घरांत एकच प्रश्न उभा राहतो : मुलीला किंवा मुलाला सरकारी अधिकारी व्हायचे आहे, तर राज्यशास्त्र घेऊन बी.ए. करावे, की थेट पाच वर्षांच्या कायद्याच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घ्यावा? मी स्वतः आधी राज्यशास्त्राची पदवी आणि मग तीन वर्षांची एलएल.बी. अशा वाटेने गेलो असल्यामुळे दोन्हीकडचे वर्ग मला आतून ठाऊक आहेत. या प्रश्नाचे उत्तर विषयाच्या आवडीइतकेच पुढे कोणत्या खुर्चीत बसायचे आहे यावर अवलंबून असते, आणि नेमकी तीच गोष्ट प्रवेशाच्या धावपळीत विचारायची राहून जाते.

पात्रतेपासूनच सुरुवात करू. तहसीलदार, उपजिल्हाधिकारी, गटविकास अधिकारी, पोलीस उपअधीक्षक ही राज्यसेवेतील पदे असोत किंवा केंद्राच्या नागरी सेवा परीक्षेतून मिळणारी प्रशासकीय, पोलीस आणि परराष्ट्र सेवा असो, या सर्वांसाठी मान्यताप्राप्त विद्यापीठाची कोणत्याही शाखेची पदवी पुरते. याचा अर्थ असा की, या पदांसाठी राज्यशास्त्राची पदवी आवश्यक नाही आणि कायद्याचीही नाही. याउलट दिवाणी न्यायाधीश (कनिष्ठ स्तर), सहायक सरकारी अभियोक्ता किंवा शासकीय विभागांतील विधी अधिकारी यांपैकी काही व्हायचे असेल, तर कायद्याच्या पदवीला पर्याय नाही. कायद्याची पदवी हा एक परवाना आहे, आणि तो हाती नसेल तर न्यायालयाशी संबंधित पदांचे दार उघडतच नाही. राज्यशास्त्राची पदवी असे कोणतेही दार उघडून देत नाही, पण ती जी मशागत करते तिचा उपयोग प्रशासनात पुढे वर्षानुवर्षे होत राहतो.

वर्षांचा हिशेब

या निर्णयात सर्वांत जास्त गोंधळ वर्षांच्या गणिताचा होतो, म्हणून ते मांडूनच पाहू. बारावी अठराव्या वर्षी झाली असे धरले, तर तीन वर्षांची बी.ए. एकविसाव्या वर्षी पूर्ण होते आणि केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेची किमान वयोमर्यादाही 21 हीच आहे. खुल्या प्रवर्गाला या परीक्षेसाठी 32 वर्षे वयापर्यंत सहा प्रयत्न मिळतात. पाच वर्षांचा बी.ए. एलएल.बी. अभ्यासक्रम तेविसाव्या वर्षी संपतो, म्हणजे परीक्षेच्या दृष्टीने दोन वर्षे उशिरा सुरुवात होते. बी.ए. करून मग तीन वर्षांची एलएल.बी. केली, तर वय चोवीस होते.

न्यायाधीश होऊ इच्छिणाऱ्यांचा हिशेब मात्र 20 मे 2025 रोजी बदलला. सर्वोच्च न्यायालयाने, तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या अध्यक्षतेखालील पीठाच्या निकालाने, कनिष्ठ स्तरावरील न्यायाधीशपदासाठी किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा लागू केली. ही तीन वर्षे वकील म्हणून तात्पुरती नोंदणी झाल्याच्या दिवसापासून मोजायची आहेत आणि न्यायमूर्तींकडे विधी लिपिक म्हणून केलेले कामही त्यात धरले जाते. त्यामुळे पाच वर्षांच्या वाटेने गेलेला विद्यार्थी लवकरात लवकर सव्विसाव्या वर्षी आणि बी.ए. नंतर एलएल.बी. केलेला सत्ताविसाव्या वर्षी या परीक्षेला पात्र होईल. दोघांत अंतर आहे ते एका वर्षाचे. हा आकडा पालकांसमोर ठेवला की बरेच जण थबकतात, कारण ‘थेट लॉ केले की खूप वेळ वाचतो’ हे गृहीतच त्यांच्या निर्णयाच्या मुळाशी असते.

त्या एका वर्षाच्या मोबदल्यात काय मिळते, तेही पाहिले पाहिजे. भारतीय बार कौन्सिलच्या 2008 च्या विधी शिक्षण नियमांनुसार पाच वर्षांच्या एकात्मिक अभ्यासक्रमातून मधेच एक पदवी घेऊन बाहेर पडता येत नाही. तिसऱ्या वर्षी घरची परिस्थिती बदलली किंवा कायद्यात मन रमत नाही हे उमगले, तर हातात पदवी नसते, आणि पदवी नसेल तर राज्यसेवेचा अर्जही भरता येत नाही. बी.ए. वाल्याला तिसऱ्या वर्षाअखेर एक पक्का टप्पा मिळतो, जिथे थांबून पुढची दिशा ठरवता येते. घरात पदवीपर्यंत पोहोचणारी पहिलीच पिढी असेल, तर या टप्प्याचे मोल फार मोठे असते, असे मी अनुभवाने सांगतो.

वर्गात काय शिकवतात आणि कचेरीत काय लागते

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. तहसील कार्यालयात नेहमी येणारे एक प्रकरण घ्या. एका शेतकऱ्याचा शेतात जाण्याचा रस्ता शेजाऱ्याने नांगरून टाकला आहे आणि तो अर्ज घेऊन आला आहे. तहसीलदाराला प्रथम हे ठरवावे लागते की, रस्ता पूर्वीपासून वापरात होता आणि तो अडवला गेला आहे, की अर्जदाराला मुळात रस्ताच नाही आणि त्याला नव्याने हवा आहे. पहिल्या स्थितीत मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 च्या कलम 5 खाली अडथळा दूर करण्याचा आदेश देता येतो, तर दुसऱ्या स्थितीत महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 143 खाली बांधावरून रस्ता देण्याचा विचार करावा लागतो. त्यानंतर समोरच्याला नोटीस, दोघांचे जबाब, सातबारा आणि गावनकाशा, स्थळपाहणी, पंचनामा आणि अखेरीस कारणे नमूद केलेला आदेश हा क्रम पाळावा लागतो. कलम चुकले किंवा समोरच्याचे म्हणणे ऐकायचे राहिले, तर वरिष्ठांकडे तो आदेश टिकत नाही, आणि तोवर शेतकऱ्याचा एक हंगाम गेलेला असतो.

कायद्याचा विद्यार्थी हे सारे आपसूक जाणतो. दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय निर्णय देऊ नये, निर्णयामागची कारणे लिहावीत आणि अधिकार कोठून येतो ते आधी तपासावे, या तीन सवयी प्रशासकीय कायद्याच्या तासांनी त्याच्या अंगवळणी पाडलेल्या असतात. राज्यशास्त्राच्या पदवीधराला त्या पुण्यातील यशदासारख्या संस्थेतील प्रशिक्षणात आणि विभागीय परीक्षांच्या निमित्ताने शिकाव्या लागतात. तो शिकतोही, आणि राज्यात असे उत्तम तहसीलदार आहेत ज्यांनी कायद्याचे महाविद्यालय कधी पाहिलेले नाही, परंतु पहिली दोन वर्षे त्यांना अव्वल कारकुनाच्या अनुभवावर बरेच विसंबून राहावे लागते.

दुसरे उदाहरण गडचिरोलीचे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाने ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा प्रत्यक्षात जगून दाखवली आणि वनहक्क कायदा, 2006 खाली 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला. अशा भागात काम करणाऱ्या अधिकाऱ्याला कायद्याचे शब्द पाठ असून भागत नाही. ग्रामसभा सर्वसहमतीचा आग्रह का धरते, ठराव लांबणीवर पडणे म्हणजे नकार असतोच असे का नाही, 73 व्या घटनादुरुस्तीने दिलेली सत्ता कागदावरून गावापर्यंत येताना कोठे अडते आणि ती अडवण्यात कोणाचे हित असते, हे त्याला वाचता आले पाहिजे. राज्यशास्त्राचा चांगला वर्ग हेच वाचन शिकवतो. सत्ता कोणाकडे आहे, ती कशी टिकते, जात, पक्ष आणि सहकारी संस्था यांची गुंफण कशी होते, हे महाराष्ट्राचे राजकारण शिकताना कळू लागते. कायद्याच्या वर्गात नियम शिकलो, पण तो नियम एखाद्या गावात का चालत नाही याचे उत्तर मला नेहमी राज्यशास्त्राच्या वह्यांतच सापडले.

दोन्ही उदाहरणे मिळून माझे मत असे झाले आहे की, निवाडा करायच्या पदांना कायदा अधिक जवळचा आणि माणसे व संस्था चालवायच्या पदांना राज्यशास्त्र अधिक जवळचे. प्रत्यक्ष नोकरीत तहसीलदाराला सकाळी एक आणि दुपारी दुसरे काम करावे लागते, ही त्या पदाची खरी अडचण आहे.

परीक्षेत कोणाचा किती उपयोग

नागरी सेवा मुख्य परीक्षेत गुणवत्तेसाठी धरल्या जाणाऱ्या 1750 गुणांपैकी 500 गुण वैकल्पिक विषयाचे असतात, आणि महाराष्ट्र लोकसेवा आयोगानेही 2025 पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा याच धर्तीवर वर्णनात्मक केली आहे. वस्तुनिष्ठ प्रश्नांच्या काळात पदवीच्या अभ्यासाचा थेट फायदा मर्यादित होता. आता सलग, मुद्देसूद लिहिण्याची सवय ज्याला आहे त्याचे पारडे जड झाले आहे. राज्यशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय संबंध हा वैकल्पिक विषय सामान्य अध्ययनाच्या दुसऱ्या पेपरशी, म्हणजे राज्यघटना, शासनव्यवहार आणि परराष्ट्र संबंधांशी मोठ्या प्रमाणात जुळतो आणि निबंधालाही आधार देतो. कायदा या वैकल्पिक विषयात घटनात्मक व प्रशासकीय कायदा उपयोगी पडतो, मात्र संविदा, अपकृत्ये आणि गुन्हेविषयक कायदा यांचा सामान्य अध्ययनाशी संबंध थोडाच येतो. त्यामुळे कायद्याची पदवी नसलेल्याने तो विषय निवडू नये, असे मी स्पष्टपणे सांगेन. राज्यशास्त्र मात्र अभियंत्यांनीही निवडून यश मिळवले आहे, आणि त्यावर मराठीत वाचायला साहित्यही बरेच आहे.

कायद्याच्या विद्यार्थ्यांसाठी एक सूचना. 1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायदा यांच्या जागी भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष अधिनियम लागू झाले आहेत. वरच्या वर्गातल्यांकडून मिळालेल्या जुन्या नोट्स त्यामुळे फौजदारी विषयांपुरत्या अपुऱ्या ठरतात, तरीही जुनी प्रकरणे जुन्याच कायद्यांनी चालत असल्याने दोन्ही कलमे माहीत असावी लागतात.

खर्च आणि भाषा यांविषयी थोडक्यात सांगतो. अनुदानित कला महाविद्यालयाचे शुल्क विनाअनुदानित विधी महाविद्यालयाच्या तुलनेत बरेच कमी असते आणि राष्ट्रीय विधी विद्यापीठांचे शुल्क त्याहूनही पुष्कळ जास्त. बी.ए. तालुक्याच्या गावी राहून मराठीतून करता येते. कायद्याची मूळ पुस्तके आणि उच्च न्यायालयांचे निकाल प्रामुख्याने इंग्रजीत असल्याने तेथे इंग्रजी वाचनाची तयारी ठेवावीच लागते. जिल्हा आणि तालुका न्यायालयांचे कामकाज मात्र मराठीत चालते, त्यामुळे उत्तम मराठी लिहिणाऱ्या वकिलाची तेथे खरोखर गरज असते. गोव्यात शिकणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की, तेथे कौटुंबिक आणि वारसाविषयक बाबींत पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेली चौकट आहे, जी महाराष्ट्रातील अभ्यासक्रमात सहसा वाट्याला येत नाही.

दोन्ही विषय एकामागून एक शिकण्याची परंपरा आपल्याकडे जुनीच आहे. यशवंतराव चव्हाण यांनी 1938 मध्ये इतिहास आणि राज्यशास्त्र घेऊन बी.ए. केले आणि 1941 मध्ये पुण्यातून एलएल.बी. पूर्ण केली. आजही प्रशासनात जायचे आहे पण न्यायालयाचा पर्याय बंद करायचा नाही, अशा विद्यार्थ्याला मी हीच वाट सुचवतो : आधी राज्यशास्त्राची बी.ए., शेवटच्या वर्षापासून परीक्षेची तयारी, आणि दोन प्रयत्नांत यश आले नाही तर एलएल.बी. ज्याचे न्यायाधीश किंवा सरकारी वकील व्हायचे पक्के ठरले आहे, ज्याला दाव्यांचे कागद वाचण्यात मनापासून रस आहे आणि ज्याच्या घरची पाच वर्षांची तरतूद आहे, त्याने मात्र बारावीनंतर थेट कायदाच घ्यावा. त्याला बी.ए. कडे वळवणे अन्यायाचे होईल.

निर्णय अजून होत नसला, तरी अर्ज भरायचा राहू देऊ नये. राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठीची क्लॅट परीक्षा अलीकडे बारावीच्या वर्षातील डिसेंबरमध्येच होते, आणि राज्य सीईटी कक्षाच्या पाच वर्षांच्या विधी प्रवेश परीक्षेचे अर्ज बारावीच्या निकालाच्या आधीच भरून घेतले जातात. खुल्या प्रवर्गासाठी पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला बारावीत आणि तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला पदवीत किमान 45 टक्के गुण लागतात. म्हणून बी.ए. करणाऱ्याने, पुढे कायदा करायचा विचार आज मनात नसला तरी, आपली टक्केवारी त्याखाली जाणार नाही याची काळजी पहिल्या सत्रापासूनच घ्यावी.