पटल-प्रथिनासाठी मागवलेले जनुक: एका कोडॉन-अनुकूलन सेवेचे परीक्षण

यजमान पेशीच्या, म्हणजे जनुक जिच्यात घालायचे त्या पेशीच्या, सवयीनुसार कोडॉन बदलून कृत्रिम जनुक बांधून देणाऱ्या एका सेवेबद्दल हे लिहीत आहे. कोडॉन म्हणजे जनुकातील तीन अक्षरांचा शब्द; तो प्रथिनातले एक अमिनो आम्ल ठरवतो, आणि एकाच अमिनो आम्लासाठी बहुधा अनेक कोडॉन असतात. कॅन्डिडा अल्बिकन्स या बुरशीतील, औषधे पेशीबाहेर फेकणारा एक पंप आम्हाला पिचिया पास्टोरिस या यीस्टमध्ये तयार करायचा होता. हे प्रथिन पेशीपटलातून १२ वेळा आरपार जाते. त्यामुळे ते भरपूर तयार झाले एवढ्याने भागत नाही, पटलात नीट बसावेही लागते.

बांधणीचे काम चोख होते. आलेल्या जनुकाचा संपूर्ण अनुक्रम आम्ही वाचून पाहिला, त्यात एकही चूक आढळली नाही आणि ते ठरल्या दिवशी हाती पडले. पिचियात प्रतिलेखन (जनुकाची आरएनए प्रत बनणे) मध्येच तुटण्यास कारणीभूत ठरणारे, डीएनएची ए आणि टी ही अक्षरे दाटलेले पट्टे आम्ही सांगण्यापूर्वीच सेवेने काढून टाकले होते, ही जाण मला विशेष आवडली.

मागणी नोंदवताना मात्र एक धोका थोडक्यात टळला. कॅन्डिडा अल्बिकन्समध्ये सीटीजी हा कोडॉन ल्युसिन या अमिनो आम्लाऐवजी बहुतांशी सेरिन हे अमिनो आम्ल आणतो, तर पिचियात त्याचा अर्थ नेहमीप्रमाणे ल्युसिन असाच आहे. आम्ही मूळ डीएनए अनुक्रम दिला आणि सेवेच्या प्रणालीने तो प्रमाण संकेतानुसार, म्हणजे बहुतेक सजीवांत चालणाऱ्या कोडॉनांच्या अर्थानुसार, वाचला, त्यामुळे जिथे सेरिन हवे तिथे ल्युसिन दिसू लागले. मसुदा मूळ प्रथिनाशी अक्षर अक्षर ताडून पाहिला म्हणून हे लक्षात आले. या बुरशीचे जनुक मागवणाऱ्याने डीएनएऐवजी योग्य संकेताने वाचलेला अमिनो आम्लांचाच अनुक्रम द्यावा.

खरी उणीव अनुकूलनाच्या कल्पनेतच आहे. १९८७ साली शार्प आणि ली यांनी मांडलेला कोडॉन अनुकूलन निर्देशांक (जनुकातील कोडॉन यजमानाच्या आवडीशी किती जुळतात याचे माप) शक्य तितका १ च्या जवळ नेणे, एवढेच या सेवेचे उद्दिष्ट दिसते. म्हणजे ६१ अर्थपूर्ण कोडॉनपैकी यजमानाचे आवडते तेवढे घ्यायचे आणि दुर्मिळ सगळे काढून टाकायचे. पण प्रथिन जोडणाऱ्या रायबोझोममधून ते ज्या बोगद्यातून बाहेर पडते, त्यात साधारण ३० ते ४० अमिनो आम्ले मावतात. प्रथिनाचा पटलात शिरणारा पहिला पट्टा बोगद्यातून बाहेर डोकावतो, नेमक्या त्याच वेळी भाषांतर (कोडॉन वाचून प्रथिन जोडण्याचे काम) थोडे मंदावले, तर असे पट्टे ओळखणाऱ्या संकेत-ओळख कणाला तो पकडून अंतर्द्रव्यजालिकेकडे, म्हणजे प्रथिन पटलात बसवले जाते त्या पेशीतील जाळ्याकडे, नेण्यास अवधी मिळतो. सॅकरोमायसिस सेरेव्हिसिई या यीस्टवरील २०१४ च्या अभ्यासात, हा कण जिथे चिकटतो त्या जागांच्या पुढे ३५ ते ४० कोडॉनांवर मंद (सावकाश वाचल्या जाणाऱ्या) कोडॉनांचे पुंजके आढळले होते. न्यूरोस्पोरा क्रासा या बुरशीच्या फ्रिक्वेन्सी नावाच्या जनुकातील कोडॉन 'सुधारले' तेव्हा त्या बुरशीचे दैनिक घड्याळच बिघडले, हेही २०१३ पासून ठाऊक आहे. असे असताना पटल-प्रथिनासाठी वेगळा पर्याय नसणे मला खटकते.

आम्ही तुलना करून पाहिली. सेवेचे जनुक आणि मूळ जनुकातील मंद जागा जपून आम्ही स्वतः आखलेले जनुक, दोन्हींना हिरवे चमकणारे प्रथिन जोडले आणि जनुकाची एकच प्रत शिरलेले क्लोन (एकाच पेशीपासून वाढवलेले वाण) निवडले, कारण पिचियात प्रतींची संख्या बदलली की निष्कर्षच फिरतो. जनुक चालू करण्यासाठी मेथनॉल दिल्यानंतर सेवेच्या जनुकाच्या पेशी अधिक उजळ दिसल्या, पण सूक्ष्मदर्शकाखाली तो उजेड पेशीच्या आत ठिपक्यांत साचलेला होता. आमच्या जनुकाच्या पेशींत तो फिका, तरी काठावर सलग कड्यासारखा होता. पटले डोडेसिल माल्टोसाइड या सौम्य अपमार्जकात विरघळवून अतिवेगी अपकेंद्रित्रात फिरवली, तेव्हा पहिल्यातील बरेचसे प्रथिन तळाच्या साक्यात गेले आणि दुसऱ्यातील बहुतेक वरच्या द्रवात राहिले. हा एकाच प्रथिनाचा अनुभव आहे, सर्व पंपांचा नियम नव्हे. पण शुद्धीकरणासाठी उपयोगी पडते ते वरच्या द्रवातलेच.

हे मदत-विभागाला कळवले, तेव्हा उत्तर सौजन्याने आले, पण त्यात निर्देशांकाचा तोच आलेख पुन्हा जोडलेला होता. आपण आखलेला अनुक्रम जसाच्या तसा बांधून देण्याची सोय मात्र येथे आहे, आणि आमचे दुसरे जनुकही याच सेवेने तितकेच अचूक बांधून दिले. पाण्यात विरघळणाऱ्या प्रथिनासाठी मी अनुकूलनही यांच्यावर सोपवीन. पटल-प्रथिनाच्या मागणीवर मात्र 'एकही कोडॉन बदलू नये' असे लिहूनच पाठवीन.