परसात एकच झाड: शेवगा की हादगा?

घरामागं वीस बाय तीस फुटांची जागा आहे आणि भाजी देणारं एकच मोठं झाड तिथं मावणार आहे, असं म्हटलं की आमच्या भागात गाडी दोनच नावांवर येऊन थांबते. शेवगा लावू की हादगा? दोन्ही झाडं बघता बघता वाढतात, दोन्हींचा पाला, फुलं, शेंगा पोटात जातात, आणि दोन्हींची सावली विरळ असल्यानं खाली मिरची-कोथिंबीर तग धरते. नुकतंच घर बांधलेल्या एका मित्रानं परवा हाच प्रश्न विचारला. फोनवर त्याला धड उत्तर देता आलं नाही, म्हणून इथं सविस्तर लिहितोय. मी दोन्ही झाडं लावली, वाढवली, खाल्ली आहेत.

आम्ही कराडचे. जमीन काळी, पाणी धरून ठेवणारी. शेवगा आधी आला. आईचं माहेर कुडाळकडचं, तिथून २०१५ च्या मे महिन्यात तिनं मनगटाएवढा जाड, चारेक फुटांचा खुंट गोणपाटात गुंडाळून एसटीनं आणला. वरच्या टोकाला शेणाचा गोळा लावला आणि मागच्या दाराच्या डाव्या हाताला रोवला. तीन आठवड्यांत त्याला फुटवे आले. हादगा पुढच्या वर्षी, शेजारच्या काकूंनी मूठभर बी दिलं तेव्हा मोरीच्या पाण्याच्या कडेला लावला. एका परसात दोन झाडं म्हणजे दाटी झाली खरी, पण त्यामुळंच मला दोघांची तुलना करता आली.

खाण्याच्या बाबतीत शेवगा वरचढ आहे हे आधीच कबूल करतो. आमटीत, पिठल्यात, सांबारात, मटणाच्या रश्श्यातसुद्धा शेंग चालते. फुलांची भाजी होते, पाल्याची होते. आमच्या घरी गोकुळाष्टमीला आंबोळ्या, काळ्या वाटाण्याचं सांबार आणि शेगलाची भाजी हा बेत ठरलेला. शेगुल म्हणजे शेवग्याचाच पाला, खोबरं घालून केलेला. आईच्या लेखी त्या दिवशी हा पाला नसेल तर सण झालाच नाही. देठ चिमटीत धरून पाला उलटा ओरपायचा, काड्या निवडायच्या, आणि बारीक चिरून भरपूर कांद्यावर परतायचा. लोहाचं प्रमाण, जीवनसत्त्वं वगैरे सगळीकडं लिहिलेलं सापडेल, ते मी सांगत बसत नाही. चवीला तो पाला मला मेथीपेक्षा जवळचा वाटतो, एवढं सांगतो.

हादग्याची चव शिकावी लागते. फुलं बोटाएवढी लांब, वाकडी, कळी असताना चंद्रकोरीसारखी. सकाळी लवकर, अर्धवट उमललेली काढायची. हिरवा देठ मोडायचा, मग फूल मधोमध उघडून आतले केसर ओढून टाकायचे. ते सगळे एका दोऱ्यासारखे बाहेर येतात. हे केलं नाही तर भाजी कडू लागते आणि घरातली मुलं पुन्हा ताटात घेत नाहीत. आमच्याकडं पहिल्या वर्षी असंच झालं. काकूंनी पुढच्या खेपेला स्वतः बसून पन्नासेक फुलं निवडून दिली, आणि लसूण-मिरचीच्या फोडणीवर भिजवलेली मूगडाळ घालून परतली. तेव्हापासून ही भाजी भाकरीबरोबर घरात सगळ्यांना चालते. बेसनात बुडवून भजीही चांगली होतात. कोवळ्या शेंगांची भाजी होते, पण मला ती तितकीशी आवडली नाही. आवड ज्याची त्याची.

पिकण्याच्या काळात मात्र दोघं एकमेकांना पुरवून घेतात. हादगा फुलतो तो नवरात्राच्या आगेमागे, आणि थंडीभर फुलं देत राहतो. अगस्तीचा तारा उगवण्याच्या दिवसांत फुलतो म्हणून अगस्ता, असं जुनी माणसं सांगतात. गणपतीच्या एकवीस पत्रींत अगस्तीचं पान आहे, त्यामुळं हरितालिकेपासूनच गल्लीतल्या बायका आमच्या फाटकाशी येतात. पुढं हस्त नक्षत्रात पाटावर हत्ती काढून मुली फेर धरतात, त्यालाही आमच्याकडं हादगाच म्हणतात. इतर ठिकाणी भोंडला, विदर्भात भुलाबाई. मुलीनं एका वर्षी त्या हत्तीला आमच्याच झाडाची फुलं वाहिली. पोरींची खिरापत ओळखायची गडबड चालू, आणि आई कुडाळचा भोंडला आठवत कठड्यावर बसलेली. झाड निवडताना अशा गोष्टी हिशेबात धराव्यात का, हे मी सांगू शकत नाही. माझ्या हिशेबात त्या आल्या.

आता जमिनीचं. काळ्या मातीत शेवग्याच्या पायाशी पाणी साचलं की मुळं कुजायला लागतात. माझं झाड उंचवट्यावर होतं म्हणून वाचलं. हादग्याला ओल सोसते, म्हणून मोरीच्या पाण्याची कडा त्याला मानवली. उलट शेवगा कसाही छाटा, पुन्हा फुटतो. छाटणी केलीच पाहिजे, नाहीतर शेंगा आभाळात जातात. हादग्याला जबर छाटणी झेपत नाही. लहान असताना छातीएवढा झाला की शेंडा खुडायचा आणि मग आडव्या फांद्या येऊ द्यायच्या. हे मला उशिरा कळलं. माझं पहिलं झाड बांबूसारखं सरळ पंचवीस फूट गेलं आणि फुलं काढायला आकडी बांधून घ्यावी लागली.

ठिसूळ दोघंही आहेत. शेवग्यावर पोरं चढू देऊ नका, फांदी कधी काडकन मोडेल सांगता येत नाही. घरासमोर शेवगा लावू नये म्हणतात, त्यातला हा भाग मला पटतो. हादग्याची मुळं वरवर पसरतात, आणि त्याचं आयुष्यही थोडं. माझं पहिलं झाड चौथ्या वर्षी वळवाच्या वाऱ्यात मुळासकट आडवं झालं. कुंपणाची तार तुटली, बाकी काही नाही. पण त्या उपटलेल्या मुळांकडं मी बराच वेळ बघत उभा राहिलो होतो. मुळांना जागोजाग मोहरीएवढ्या, काही तुरीच्या दाण्याएवढ्या गाठी होत्या. एक नखानं फोडली तर आतून गुलाबी निघाली. हवेतलं नत्र जमिनीत साठवणाऱ्या त्या जिवंत गाठी. त्या खड्ड्याच्या जागी हिवाळ्यात मेथी टाकली, ती बाकीच्या वाफ्यापेक्षा गडद हिरवी आणि वीतभर उंच आली. मोजमाप काही केलं नाही, डोळ्यांना दिसलं ते लिहितोय.

इथवर वाचून तुम्हाला वाटेल की बरोबरी आहे. असती, पण श्रावण येतो.

२०१७ च्या श्रावणात, गोकुळाष्टमीच्या चार दिवस आधी, सकाळी मागचं दार उघडलं तर शेवग्याचं खोड कमरेपर्यंत राखाडी लोकरीचं दिसलं. जवळ गेलो तर ती लोकर हलत होती. सुरवंट. एकाला एक चिकटून, वीतभर रुंदीच्या चादरीसारखे, शेकड्यांनी. शेवग्यावरचे हे केसाळ सुरवंट दिवसा खोडावर गोळा होऊन बसतात आणि रात्री वर चढून पाला खातात. दोन रात्रींत अर्ध्या फांद्यांच्या नुसत्या काड्या उरल्या. ज्या पाल्यासाठी आईनं खुंट कुडाळहून आणला, तो पाला नेमका त्याच आठवड्यात गेला.

तो गेला याचं इतकं वाटलं नाही. बाजारातून जुडी आणली, सण झाला. पण कपडे वाळत घालायची दोरी त्या झाडावरून कुंपणापर्यंत होती. त्या दिवशी मुलीचा शाळेचा फ्रॉक दोरीवर होता. संध्याकाळी तिनं तो घातला आणि तासाभरात मानेपासून पाठीपर्यंत लाल गांधी उठल्या. सुरवंटाचे केस कापडात अडकले होते, डोळ्यांना दिसतही नव्हते. चिकटपट्टी अंगावर लावून हलकेच ओढून काढायची, मग साबणाच्या पाण्यानं धुवायचं, हे डॉक्टरांनी फोनवर सांगितलं. ती रात्रभर झोपली नाही, आणि तिच्या उशाशी बसून आईही नाही.

दुसऱ्या दिवशी काठीला चिंध्या बांधून, रॉकेलमध्ये भिजवून पलिता केला आणि खोडावरून फिरवला. गावाकडं असंच करतात. सुरवंट पडले, पण साल भाजली आणि त्या जागी पुढं डिंक वाहत राहिला. पुढच्या वर्षी शहाणा होऊन आधीच तयारी केली. सुरवंट कोष मातीत करतात, म्हणून उन्हाळ्यात बुंध्याभोवतीची माती खणून उन्हात तापवली. निंबोळी अर्क फवारला. पहिल्या पावसापासून रोज सकाळी पानांच्या मागची अंडी शोधली. फरक पडला, नाही असं नाही, शेकड्यांचे पन्नास-साठ झाले. पण पन्नास सुरवंटही कपड्यांच्या दोरीवर फार होतात. पावसाळ्याचे दोन महिने मागचं दार आम्ही बंदच ठेवू लागलो. परस असून नसल्यासारखं.

२०१९ च्या मे महिन्यात मी शेवगा काढला. आईला विचारूनच काढला, आणि तिनं एकच अट घातली की खुंट फुकट जाऊ द्यायचे नाहीत. त्याच झाडाचे सात खुंट करून आमच्या शेताच्या बांधावर लावले. त्यांतले पाच जगले. श्रावणात तिथंही सुरवंट येतात, पण बांधावर कपडे वाळत नाहीत आणि मुलं खेळत नाहीत. पाला खाऊन ते निघून जातात, झाड पुन्हा फुटतं. शेंगा आठवड्याला पिशवीभर येतात, त्यांतल्या निम्म्या वाटण्यात जातात.

हादग्याला कीड नाही असं मी म्हणणार नाही. पिवळ्या फुलपाखरांच्या गुळगुळीत हिरव्या अळ्या पाला खातात, कधी खोडकिडा लागतो. पण त्या अळ्या हातात घेतल्या तरी खाज येत नाही. फुलं सकाळी फरशीवर पडतात आणि पाय घसरतो, म्हणून रोज झाडावं लागतं. माझी तक्रार एवढीच.

एक गोष्ट मात्र मी आधी धरलीच नव्हती. शेवग्याखालची जमीन मी पलिते, फवारे आणि खणाखणीनं उजाड ठेवली होती. हादग्याखाली काहीच करावं लागत नसल्यानं तिथं आपोआप उगवलेलं तसंच राहिलं. काकू एकदा फुलं न्यायला आल्या आणि मी खुरपं घेऊन तण काढत होतो, तर म्हणाल्या, "अहो, भाजी कुठं उपटताय?" मग त्यांनी एकेक करून दाखवलं. ही घोळ, आंबूस, डाळीत घाला. हा तांदुळजा. हा केना, याच्या पानांची भजी करा. हे कुर्डू, कोवळं असताना काढा, गुलाबी तुरे आले की उशीर झाला. हा आघाडा, पत्रीला लागतो. पानाच्या मागं ओळीनं मोत्यांसारखी फळं लटकलेला तो भुईआवळा. चार पावलांच्या जागेत सहा ओळखी झाल्या. ओळख पक्की नसेल तर तोंडात काही घालू नका, आधी जाणत्या माणसाला दाखवा, एवढं सांगणं माझं कर्तव्य. पण आता पावसाळ्यात आमच्या ताटातली आठवड्याची दोन भाज्यांची सोय त्या झाडाखालून होते.

तेव्हा मित्राला माझं सांगणं असं. घरात शेंगांचं वेड असेल, जमीन निचऱ्याची असेल आणि झाड घरापासून पंचवीस-तीस पावलांवर जाणार असेल, तर शेवगा लावायला हरकत नाही. बियांपासून लवकर शेंगा हव्या असतील तर तमिळनाडूतल्या पेरियाकुलमचा पीकेएम-१ हा वाण आहे, दापोलीच्या विद्यापीठाचा कोकण रुचिरा आहे, दोन्ही नावाजलेले. पण झाड मागच्या दाराला लागून येणार असेल आणि घरात लहान मूल असेल, तर मी असतो तर हादगा लावला असता. कोणाच्या परसात शेवग्याला कधी सुरवंट लागला नसेलही. माझ्याकडं दर वर्षी लागला.

आमचं आताचं झाड पहिल्याच्याच बियांचं आहे, छातीएवढं असताना शेंडा खुडलेलं, हाताला फुलं येतात. फाल्गुनात शेंगा वाळल्या की बी काढून ठेवतो. मृगाचा पहिला पाऊस झाला की रात्रभर भिजवलेल्या पाच-सहा बिया मोरीच्या कडेला बोटभर खोल टोकायच्या आणि सशक्त दिसेल ते एकच रोप ठेवायचं. मित्रासाठी काचेच्या बाटलीत वेगळं बी काढून ठेवलंय.