आठ जण आणि एक शिडाची यॉट: स्प्लिट की लेफकाडा?

जूनमधला एक आठवडा, आठ माणसं, भाड्याची यॉट, इथपर्यंत सगळ्यांचं एकमत होतं. मग कोणीतरी क्रोएशियाचे फोटो टाकतं, कोणीतरी ग्रीसचे, आणि ग्रुपवर पंधरा दिवस दुसरं काही चालत नाही. मी दोन्हीकडे एकेक आठवडा काढलाय. पहिलीच खेप असेल तर माझं मत ग्रीसच्या लेफकाडा बेटाला.

व्हिसाने फरक पडत नाही. 1 जानेवारी 2023 पासून क्रोएशियाही शेंगेनमध्ये आहे आणि चलन युरोच. बोट बहुतेक शनिवार ते शनिवार मिळते आणि शुक्रवारी संध्याकाळी परत आणून लावायची असते, म्हणजे फिरायला जेमतेम सहा दिवस. पोहोचायला क्रोएशियातलं स्प्लिट सोपं, विमानतळापासून त्रोगिरची मरिना अगदी जवळ. अथेन्सहून लेफकाडाला गाडीने 5 तास मोडतात.

वाऱ्याचं म्हणाल तर दोन्हीकडे उन्हाळ्यात दुपारी वायव्येचा वारा उठतो. क्रोएशियात तो माएस्त्राल, लेफकाडाला माइस्त्रो. आपला खारा वाराच म्हणा ना. सकाळी पाणी तेलासारखं, दुपारी शीड भरतं, अंधार पडता पडता वारा पडतो. पण ‘ग्रीस म्हणजे सांतोरिनी’ असं डोक्यात असेल तर जुलै-ऑगस्टपुरतं ते काढून टाका. त्या बाजूला तेव्हा मेल्तेमी सुटतो, उत्तरेचा, आणि कधी कधी दिवसेंदिवस थांबत नाही.

खरा फरक कळतो तो संध्याकाळी, बोट लावताना. क्रोएशियाच्या मरिनात तळाशी बांधलेला दोर तयार असतो. तो उचलून पुढे अडकवला की झालं. वीज, पाणी, गरम पाण्याची आंघोळ. मात्र रात्रीचं भाडं बोटीच्या लांबीवर, आणि ते झोंबतं. खाडीत तरंगत्या बोयाला बांधलं तरी बऱ्याच ठिकाणी पावती फाडायला माणूस येतोच.

लेफकाडा, मेगानिसी, इथाका या बाजूला गावचा धक्का आणि तुमचाच नांगर. फिस्कार्दो गावाला आमचा स्किपर, म्हणजे बोट चालवणारा, बोट उलटी घेत होता, एक जण नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला, नांगराची साखळी सोडत होता, दुसरा मागे दोर घेऊन उभा, आणि धक्क्यावरच्या टॅव्हर्नातली मंडळी जेवण सोडून आमच्याकडे बघत होती. सकाळी निघताना शेजाऱ्याची साखळी आमच्या नांगरावर! सोडवायला पाऊण तास. तरी फळी टाकली की दहा पावलांवर जेवण, हे सुख मरिनात नाही. भरती-ओहोटी नावापुरती, त्यामुळे रात्री उठून दोर बघावा लागत नाही; कोकणातल्या माणसाला हे पचायला वेळ लागतो.

शाकाहारी मंडळी असतील तर पारडं आणखी ग्रीसकडे झुकतं. टोमॅटोत शिजवलेले टपोरे पांढरे घेवडे, फावाची डाळ, भाज्यांचं ब्रियाम. क्रोएशियात बटाटा घातलेली ब्लितवाची पालेभाजी दोन दिवस छान लागते, मग पिझ्झा.

क्रोएशिया कोणासाठी? ज्यांना रोज संध्याकाळी दगडी गल्ल्यांतून हिंडायचंय, त्यांच्यासाठी. ह्वार बेटावर गर्दी आणि गाजावाजा. मला व्हिस बेट आवडलं. युगोस्लाव्ह लष्कराचा तळ म्हणून 1989 पर्यंत ते परदेशी लोकांना बंद होतं, त्याचा शांतपणा अजून टिकून आहे. अंतरं मात्र लांब. लेफकाडाकडे दोन मुक्कामांत 8 ते 15 सागरी मैल, म्हणजे दोन-तीन तास.

एका सांगाड्याची बोट की दोन सांगाडे जोडलेली कॅटमरान? मांडव्याच्या लाँचमध्ये ज्यांना मळमळतं ते दोघं-तिघं बरोबर असतील तर कॅटमरान. भाडं बरंच जास्त, पण ती वाऱ्याने कलत नाही. परवाना नसेल तर दोन्हीकडे स्किपर घ्यावाच लागतो, दिवसाला 200 युरोच्या आसपास, जेवण तुमचं. आणि त्याला झोपायला जागा लागते. चार केबिनची बोट आठ जणांनी भरली तर नववा माणूस जेवणाच्या टेबलाशेजारच्या बाकावर झोपणार, आणि रात्री दोन वाजता पत्ते कुटणाऱ्यांची पंचाईत होणार. पैसे भरण्याआधी त्याची केबिन कुठली, ते विचारून घ्या.